यात नवीन काय?

नवा फोन हातात आला त्याच संध्याकाळी मामा घरी आला होता. त्याने चष्मा नाकावर नीट बसवला, फोन दोन्ही हातांत घेतला, उलटा करून पाहिला, कडेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "अगं, पण यात नवीन काय आहे?" मामाने उमेदीची सगळी वर्षं रेडिओ उघडण्यात आणि जोडण्यात घालवली आहेत. त्याच्या विचारण्यात टोमणा नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, कॅमेरा सुधारलाय, स्क्रीन छान आहे, एकदम फास्ट चालतो. त्याने मान हलवली, फोन जपून माझ्या हातात परत दिला आणि दुसराच विषय काढला. ती मान हलवण्याची पद्धत मला रात्रभर टोचत राहिली. मी जे बोलले ते गेल्या दहा वर्षांत आलेल्या कुठल्याही फोनबद्दल बोलता आलं असतं. मला झालेला आनंद मात्र या एकाच फोनचा होता, आणि तो खरा होता. मग तो नेमका कशाचा होता, हे मामासारख्या माणसाला सांगता यायला हवं, असं वाटत राहिलं.

आनंदाची सुरुवात खोक्यापासून होते हे तर उघडच आहे. वरचं झाकण खालच्या भागावर इतकं नेमकं बसवलेलं असतं की हवा आत शिरायला जेमतेम फट उरते. त्यामुळे झाकण धरून उचललं की खालचा भाग आपल्याच वजनाने सावकाश सरकत सुटतो. हे सगळं ठरवून केलेलं असतं, हे ठाऊक असूनही त्या एवढ्याशा वेळात श्वास रोखला जातो. मग काचेवरची पातळ फिल्म. ती सोलताना होणारा बारीक चर्र आवाज, आणि खालून उघडी पडणारी काळीभोर काच, जिच्यावर अजून कुणाचंच बोट उमटलेलं नाही. कागद, गोंद आणि प्लास्टिक यांचा मिळून एक वास येतो, तो पुढे कधीच येत नाही. धातूची कड आधी गार लागते, कारण धातू तळव्याची उष्णता झटकन ओढून घेतो. थोड्या वेळाने तीच कड कोमट होते, आणि फोन कधी आपला झाला ते कळतही नाही.

माझ्या पिढीला फोनचं वेड लागलं ते आकारांमुळे. २००० साली आलेला नोकिया ३३१० मुठीत घट्ट बसायचा. २००३ मधल्या ११०० च्या डोक्यावर टॉर्च होता आणि त्याचे पंचवीस कोटींहून जास्त नग जगभर विकले गेले. त्याच काळात कुणाचा फोन सरकून उघडायचा, कुणाचा टपकन मिटायचा, कुणाचा मधोमध वळायचा. रबरी बटणांवरचे आकडे अंगठ्याने घासून पुसट झालेले असायचे. तीन वेळा दाबलं की एक अक्षर, हे बोटांना इतकं पाठ होतं की बाकाखाली हात ठेवून, समोर बघत, अख्खा मेसेज लिहिता यायचा. तेव्हा नवा फोन कुणी बाहेर काढला की यात नवीन काय, असं विचारावंच लागत नसे. लांबूनच दिसायचं.

मग ९ जानेवारी २००७ आली. ॲपल कंपनीच्या स्टीव्ह जॉब्सने सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यासपीठावर पहिला आयफोन दाखवला. साडेतीन इंचांची स्क्रीन आणि मागे दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा. आज आठवून पाहिलं की थक्क व्हायला होतं, कारण त्या फोनवर व्हिडिओ काढता येत नव्हता, मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवता येत नव्हता, ३जी नव्हतं, आणि ॲप स्टोअर यायला जुलै २००८ उजाडावं लागलं. कागदावर त्याच्यापेक्षा वरचढ ठरतील असे फोन तेव्हा बाजारात होते. पण बोटाने यादी वर ढकलली की ती पळत जायची आणि हळूहळू थांबायची. शेवटाला पोचली की किंचित ताणली जाऊन परत यायची. मला वाटतं सगळी जादू त्या ताणात होती. काचेमागच्या चित्राला वजन आहे असं पहिल्यांदाच वाटलं. त्याच वर्षापासून हळूहळू बटणं गेली, बिजागऱ्या गेल्या, आणि सगळे फोन काचेच्या पाट्या झाले. आता घडीचे फोन परत आले आहेत आणि त्यांच्याकडे मी कौतुकाने बघते, पण आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात अजून पाटीच आहे.

त्यानंतर नवेपण आत गेलं.

स्क्रीनचंच घ्या. माझा जुना फोन सेकंदाला ६० वेळा चित्र बदलायचा, हा १२० वेळा बदलतो. म्हणजे एका चित्राला आधी साधारण १६.७ मिलिसेकंद मिळायचे, आता ८.३. एवढ्या फरकाने काय होणार, असं कुणीही म्हणेल, आणि खरंच, हा फरक वेग म्हणून जाणवतच नाही. जाणवतो तो स्पर्श म्हणून. आधी बोट पुढे आणि मजकूर त्याच्या मागून ओढला जातोय, अशी एक सूक्ष्म दोरी मधे असायची. ती दोरी आखूड झाली. लांबलचक लेख वाचताना ओळी वर सरकवल्या तरी सरकताना वाचता येतात, अक्षरं फाटत नाहीत. आणि रात्री दिवा मालवल्यावर स्क्रीनवर फक्त घड्याळ उरतं तेव्हा फोनची चौकट दिसतच नाही. या पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतःचा उजेड स्वतः देतो, त्यामुळे काळ्या जागी ठिपके चक्क विझलेले असतात. जुन्या एलसीडीत मागे दिवा सतत जळायचा आणि काळा रंग म्हणजे राखाडीच असायचा. मी पहिल्या रात्री ते आकडे अंधारात नुसते तरंगताना बघत बसले होते. कामाचं काहीच नव्हतं त्यात.

काचेबद्दल माझ्या मनात नेहमीच दोन बाजू असतात. हिला बळकट करण्याची रीत फार सुंदर आहे. तयार काच सुमारे ४०० अंश सेल्सिअसला वितळलेल्या पोटॅशियमच्या क्षारात बुडवतात. काचेतले सोडियमचे छोटे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन घुसून बसतात. जागा अपुरी पडते, सगळे एकमेकांना रेटतात, आणि त्या दाबामुळे पृष्ठभागावर तडा सहजी पसरत नाही. कॉर्निंग कंपनीने अशी काच १९६० च्या दशकातच बनवली होती, पण तिला म्हणावं तसं गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. फोनमुळे ती पुन्हा वर आली. हे सगळं वाचलेलं असताना एवढ्या मेहनतीने घडवलेल्या अंगावर पहिल्याच दिवशी रबराचं जाड कव्हर चढवायला हात धजावत नाही. आणि तरी, वाळूतला क्वार्ट्झ या काचेहून कठीण असतो, खिशातला एक कण पुरे. म्हणून सुरुवातीचे दिवस मी फोन उघडाच वापरते, खिसा आधी उलटा करून झटकते, टेबलावर ठेवताना खाली रुमाल घालते. कव्हर पुढे येईलच. पण ज्याच्यासाठी कुणीतरी कडेची गोलाई वर्षभर घासत बसलं असेल, ती गोलाई थोडी तरी हाताला लागू द्यावी.

पहिल्या रात्री जुन्या फोनमधलं सगळं नव्यात येत होतं. दोन्ही फोन शेजारी ठेवलेले, एकाच्या पडद्यावर सरकत जाणारी पट्टी. फोटो, निरोप, नंबर, आता हयात नसलेल्या माणसांचे नंबरसुद्धा, जे मी कधी पुसलेले नाहीत. तेही निमूटपणे या बाजूला आले. नवा फोन चांगलाच तापला होता. नंतरही तो मधूनमधून तापतो, बॅटरी भराभर उतरते, आणि लोक लगेच निकाल देऊन मोकळे होतात की बॅटरी वाईट आहे. खरं तर सुरुवातीला फोन आतल्या आत राबत असतो. हजारो फोटोंतले चेहरे ओळखायचे, शोधासाठी सूची करायची, ॲप अद्ययावत करायचे. हे काम संपेपर्यंत बॅटरीवर मत बनवू नये, असं मी अगदी आग्रहाने सांगेन. बँकेच्या ॲपांनी मला अर्थातच ओळखलं नाही. प्रत्येकाला ओटीपी, प्रत्येकाला मीच मी असल्याचा पुरावा.

पण सर्वांत अनोळखी निघाला तो कीबोर्ड. जुन्या फोनवर मी एक अक्षर लिहिलं की तो पुढचा शब्द पुढे करायचा, घरातली लाडाची नावं, माझ्या सवयीची वाक्यं, 'निघाले की कळव' हे तर पहिल्या दोन अक्षरांवरच. नव्याला त्यातलं काही माहीत नव्हतं. तो मला शुद्ध, गुळगुळीत, कुणाचेही असू शकतील असे शब्द सुचवत होता. जोडाक्षरासाठी हलन्त कुठे आहे हे अंगठ्याला पुन्हा शोधावं लागलं. एखाद्या यंत्राने आपल्याला किती ओळखलं होतं हे ते जवळ नसल्यावर कळतं, आणि ते कळून मला बरं वाटलं की भीती वाटली हे अजून ठरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही फोनवर गजर एकदमच वाजला. जुना खोलीच्या त्या कोपऱ्यातून, नवा उशाशी. मी आधी जुना बंद केला.

कॅमेऱ्याबद्दल मला खूप बोलायचं आहे. कारण या फोनची खरी ओढ तिथेच आहे आणि खरी कुरकुरही तिथेच. मी काढलेल्या पहिल्या फोटोत खिडकीच्या काचेवरचे पावसाचे थेंब होते. थेंबांत उलटी झाडं दिसत होती, आणि बाहेरचं पांढुरकं आभाळ जळून न जाता ढगांसकट आलं होतं. असा फोटो एका क्षणाचा नसतोच. कॅमेरा उघडा असताना फोन सतत फ्रेम, म्हणजे एकेक सुटं चित्र, टिपून तात्पुरत्या साठवत असतो. मी बटण दाबते तेव्हा तो नुकत्याच येऊन गेलेल्या फ्रेमही उचलतो. एकावर एक अचूक बसवतो, हललेलं वगळतो, आणि त्यातून एकच चित्र घडवतो. म्हणजे फोटोतला काही उजेड मी बटण दाबायच्या आधीचा असतो. उडत्या पक्ष्याचे पंख नेमके पसरलेले सापडतात त्याचं थोडं श्रेय या आगाऊपणाला. ५० मेगापिक्सेलचा आकडा खोक्यावर मोठ्या अक्षरांत असतो, पण एरवी चार-चार पिक्सेल मिळून एकाचं काम करतात आणि साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो हाती येतो. मला हे आकड्याहून जास्त आवडतं. उजेड टिपणाऱ्या नखाएवढ्या सेन्सरवर पडणारा उजेड थोडाच असतो, तो चौघांनी मिळून झेलला तर अंधारात जास्त दिसतं.

कुरकुर अशी की रात्र आता रात्रीसारखी राहत नाही. २०१८ मध्ये गुगलच्या पिक्सेल फोनांवर नाइट साइट हे अंधारात फोटो काढायचं तंत्र आलं तेव्हा मी त्या फोटोंनी चाट पडले होते. डोळ्यांना नीट न दिसणारी गल्लीही तिथे स्वच्छ दिसत होती. आता बहुतेक फोन ते करतात, हाही करतो, आणि आधीच्यांपेक्षा फारच चांगलं करतो. पण दिव्याखाली वाचत बसलेल्या आईचा फोटो काढला तेव्हा मला तिच्यामागचा अंधार हवा होता. फोनने तो पुसून टाकला, कपाटावरची धूळसुद्धा दाखवली. तिच्या कपाळावरच्या रेषा मात्र जराशा मऊ केल्या, मी न सांगता. मी एक्सपोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, कमी केला, नाइट मोड बंद केला, पुन्हा काढला. त्यात थोडे कण आले, सावली आली, रेषाही आल्या. तोच ठेवला. जो चांगला फोटो तो मला हवा असेलच असं फोन गृहीत धरतो, आणि दर वेळी त्याला थोडं मागे ओढावं लागतं. ओढता येतं हे या फोनचं मोठेपण. काहींमध्ये तेवढीही सोय नसते.

मामा पुन्हा आला तेव्हा मी त्याला खिडकीतला तो फोटो दाखवला आणि सगळं सांगायला बसले. रेडिओत खरखर कशी असते तुला माहीत आहे, म्हटलं. ती दर वेळी वेगळी असते, गाणं मात्र तेच असतं. तेच गाणं तेवढ्याच खरखरीत दहा वेळा टेप करून दहाही टेप एकावर एक मिसळल्या तर काय होईल? मामाने क्षणभर विचार केला. "खरखर एकमेकींत विरेल. गाणं वर येईल." फोटोतही तेच होतं, मी म्हटलं. प्रत्येक फ्रेममधले कण वेगळे, दृश्य एकच. त्याने फोन परत मागून घेतला आणि फोटो बोटांनी मोठा करत करत एका थेंबापर्यंत गेला. मग मी त्याला आकडा सांगितला. १९५४ साली आलेल्या रिजन्सी टीआर-१ या खिशातल्या रेडिओत चार ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचा प्रवाह वाढवणारे किंवा थांबवणारे सुटे भाग, होते. २०२३ मध्ये ॲपलने फोनसाठी आणलेल्या ए१७ प्रो या एका चिपमध्ये १९ अब्ज आहेत. मामा बराच वेळ काही बोलला नाही. चार-सहा ट्रान्झिस्टरांतला बिघडलेला कोणता हे बोट लावून सांगणारा माणूस तो. मग त्याने विचारलं, "हा उघडतो कुठून?"

हा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड होता. उघडतो, पण आपल्याला नाही. काच गोंदाने चिकटवलेली असते, ती गरम करून, पातळ पाती सरकवून सोडवावी लागते, आणि आत बॅटरीही बहुतेक वेळा गोंदावरच बसलेली. लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली १९९१ मध्ये, सोनीने आणली. तिच्यामागच्या संशोधनासाठी २०१९ मध्ये गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते. इतकी जुनी, इतकी अभ्यासलेली गोष्ट, आणि तरी दर चार्जिंगला ती किंचित झिजतेच. फोनमध्ये सर्वांत आधी म्हातारी होते ती बॅटरी. तीच बदलणं सर्वांत सोपं असायला हवं होतं, आणि पूर्वी होतंही. मागचं झाकण नखाने काढायचं, बॅटरी हातात. ते गेलं याचं मला वाईट वाटतं. पाणी आत जाऊ नये, फोन पातळ व्हावा ही कारणं मला पटतात, पण पुरेशी पटत नाहीत.

शिवाय या वस्तूची किंमत आपण जी मोजतो तेवढीच नसते. फोनच्या बॅटरीत कोबाल्ट हा धातू लागतो. जगातल्या कोबाल्टपैकी निम्म्याहून जास्त आफ्रिकेतल्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून येतं, आणि तिथल्या काही खाणींत माणसं हातांनी, कशाचंही संरक्षण नसताना खोदतात. फोनमुळे होणाऱ्या एकूण कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो वापरताना होत नाही, तो बनतानाच होऊन गेलेला असतो. म्हणजे मी फिल्म सोलली तेव्हा बहुतेक नुकसान झालेलंच होतं. हे कळल्यावर उत्साह लपवावासा वाटतो, पण मी तो लपवणार नाही. ज्याच्यासाठी एवढं खर्ची पडलं त्याकडे नीट बघायचं, त्यातली करामत समजून घ्यायची, आणि तो जितकी वर्षं चालेल तितकी चालवायचा, हे मला जास्त प्रामाणिक वाटतं. या बाबतीत दिवस जरा बरे आले आहेत. २०२३ च्या पिक्सेल ८ पासून गुगलने आणि २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ पासून सॅमसंगने सात वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलं. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार फोनच्या बॅटरीत ८०० वेळा चार्ज झाल्यावरही निदान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. कायद्याची भाषा रुक्ष असते, पण ही ओळ वाचून मला नव्या कॅमेऱ्याइतकाच आनंद झाला.

कीबोर्ड आता घरातली दोन नावं शिकलाय. आणि परवा पहिलं मोठं अपडेट आलं. रात्री फोन चार्जिंगला लावला, सकाळी उठून खिडकीतून फोटो काढला, तर सावल्या आधीपेक्षा गडद आल्या, जवळजवळ मला हव्या होत्या तशा. काच तीच, सेन्सर तोच, चित्र वेगळं. म्हणजे या फोनबद्दल वर जे लिहिलं त्यातलं काही आताच जुनं झालं आहे, आणि पुढची काही वर्षं असंच होत राहणार आहे. एक तक्रार मात्र अजून बाकी आहे. भर उन्हात लाल गुलाबाचा फोटो काढला की पाकळ्यांवरच्या शिरा नाहीशा होतात आणि सगळं फूल एकच लाल डाग होऊन जातं. उजेड थोडा कमी ठेवून काढला तर शिरा परत येतात, पण मग पानं काळवंडतात. रॉ मध्ये, म्हणजे फोनने फेरफार न केलेल्या कच्च्या स्वरूपात, काढून काही साधतं का ते बघायचं आहे. मामाने सांगून ठेवलंय, जमलं की आधी त्याला पाठव.